बॅप्टिस्टांमधील करारसिद्धांत व कॅल्विनवाद

देवाने माणसाशी केलेल्या करारांच्या धाग्याने सगळ्या बायबलची संगती लावणे आणि तारण सर्वस्वी देवाच्या निवडीवर अवलंबून मानणे, या कॅल्विनपंथाच्या (सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विनच्या परंपरेच्या) दोन मुख्य शिकवणी. बॅप्टिस्ट म्हणजे तान्ह्या मुलांना नव्हे, तर स्वतः विश्वास ठेवणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणारे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. त्यांच्यातील इंग्लंडच्या ‘पर्टिक्युलर बॅप्टिस्टां’नी सतराव्या शतकात यांतली दुसरी जशीच्या तशी स्वीकारली. पहिलीची मात्र त्यांनी मांडणी बदलली. बदल वरवर किरकोळ दिसतो; पण तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही, याचा निकाल त्यावरच लागतो.

सगळे बॅप्टिस्ट कॅल्विनवादी नव्हते. जॉन स्मिथ व टॉमस हेल्विस यांच्यापासून (अ‍ॅम्स्टरडॅम, 1609) निघालेले ‘जनरल बॅप्टिस्ट’ ख्रिस्त सर्वांसाठी मेला असे मानीत. पर्टिक्युलरांच्या मते तो निवडलेल्यांसाठी मेला. हा दुसरा गट 1630 च्या दशकात लंडनच्या एका प्युरिटन (इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी सुधारणा मागणाऱ्या) मंडळीतून वेगळा होऊ लागला. 1644 मध्ये त्यांच्या सात मंडळ्यांनी विश्वासकबुली (आपल्या श्रद्धांचे कलमवार निवेदन) छापली. आपल्यावर बसलेला अ‍ॅनाबॅप्टिस्टपणाचा शिक्का पुसणे त्यांना निकडीचे वाटत होते; सोळाव्या शतकातला तो पंथ बंडखोर म्हणून बदनाम होता.

बालबाप्तिस्मा देणाऱ्या प्रेस्बिटेरियनांचा (वडीलजनांच्या सभांमार्फत चर्च चालवणाऱ्या कॅल्विनपंथीयांचा) युक्तिवाद असा : आदामाशी झालेला कर्मांचा (आज्ञा पाळण्याच्या अटीवरचा) करार मोडला, त्यानंतर देवाने कृपेचा एकच करार केला. अब्राहाम, मोशे आणि ख्रिस्त यांच्या काळात त्याची बाह्य व्यवस्था बदलली, गाभा तोच राहिला. अब्राहामाच्या घरी आठ दिवसांच्या मुलाचीही सुंता होत असे (उत्पत्ती 17); तेव्हा विश्वासणाऱ्यांच्या मुलांनाही आज कराराची खूण, म्हणजे बाप्तिस्मा, मिळायला हवा. सुरुवातीचे विधान मान्य केले की शेवटचे टाळणे अवघड जाते. बॅप्टिस्टांनी म्हणून आक्षेप घेतला तो मुळावरच.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. 1677 ची दुसरी लंडन विश्वासकबुली हिचे संपादन नेहेमाया कॉक्स व विल्यम कॉलिन्स यांच्याकडे दिले जाते. तिचा बराचसा मजकूर वेस्टमिन्स्टर (प्रेस्बिटेरियनांची, 1646) व सॅव्हॉय (स्वतंत्र मंडळ्यांची, 1658) या कबुल्यांतून शब्दशः उचललेला आहे, आणि तोही उघडपणे, एकमत दाखवण्यासाठी. पण देवाच्या करारावरील सातव्या प्रकरणात वेस्टमिन्स्टरची सहा कलमे आहेत, तर बॅप्टिस्टांची तीनच. एकाच कराराच्या दोन व्यवस्था सांगणारा भाग गळला आहे. त्याऐवजी कृपेचा करार आदामाला दिलेल्या वचनात प्रथम प्रकट झाला, पुढे पायरीपायरीने उलगडला आणि नव्या करारात पूर्ण उघड झाला, असे म्हटले आहे. वाद न घालता केलेली ही दुरुस्ती मला त्यांच्या कित्येक वादग्रंथांपेक्षा प्रभावी वाटते.

कॉक्सने 1681 मध्ये या कबुलीची बाजू सविस्तर मांडली. सुंतेचा करार कनान देश आणि देहाची संतती यांपुरता होता. कृपेचे वचन अब्राहामाला मिळाले, पण ते त्या करारापासून वेगळे होते. नवा करार पूर्वजांशी केलेल्या करारासारखा नसेल आणि त्यातले लहानथोर सगळे देवाला ओळखतील, हे यिर्मयाचे वचन (31:31–34) बॅप्टिस्टांचा भक्कम आधार ठरले. सिनाय पर्वतावर मोशेशी झालेल्या कराराचे विवेचन कॉक्सने केलेच नाही, कारण इब्री लोकांस पत्राच्या आठव्या अध्यायावरील प्युरिटन पंडित जॉन ओवेनचे भाष्य त्या विषयावर नुकतेच आले होते. ओवेन स्वतः बालबाप्तिस्म्याचा समर्थक, हे विशेष. धर्मसहिष्णुतेचा कायदा झाल्यावर 1689 मध्ये देशभरच्या मंडळ्यांनी या कबुलीला जाहीर मान्यता दिली. आज ती त्याच वर्षाने ओळखली जाते.

अठराव्या शतकात लंडनचा बॅप्टिस्ट पाळक जॉन गिल याच्या प्रभावाखालील काही मंडळ्यांत निवडीच्या सिद्धांतावर इतका भर आला, की अविश्वासू माणसाला विश्वासाचे आवाहन करणेच गैर ठरू लागले. बॅप्टिस्ट पाळक अँड्रू फुलरने 1785 मध्ये याला उत्तर दिले. 1792 मध्ये केटरिंग येथे पर्टिक्युलर बॅप्टिस्टांची मिशनरी संस्था स्थापन झाली, आणि तिच्यातर्फे विल्यम कॅरी बंगालमध्ये आला. 1805 मध्ये श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण छापणारा कॅरी तो हाच.

करारावरचा हा वाद मराठी मुलखाच्या मिशन-इतिहासालाही चाटून गेला. 1812 मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने हिंदुस्थानात धाडलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी अडोनिराम जडसनने जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास केला आणि कलकत्त्याला पोहोचल्यावर बॅप्टिस्ट होऊन तो ब्रह्मदेशाला गेला. ल्यूथर राइसही बॅप्टिस्ट झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट बालबाप्तिस्म्यावर ठाम राहिले व 1813 मध्ये मुंबईला आले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तिथे झाला.

अमेरिकेत फिलाडेल्फिया असोसिएशनने 1742 मध्ये हीच कबुली थोड्या भरीसह स्वीकारली. लंडनमध्ये बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जनने ती 1855 मध्ये पुन्हा छापली. पुढे कॅल्विनवाद बहुसंख्य बॅप्टिस्टांत मागे पडला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परतला, तो मुख्यतः निवडीच्या सिद्धांतापुरता. करारसिद्धांताचा शोध त्यानंतर सुरू झाला आणि त्यात तट पडले. काही जण ‘एक करार, दोन व्यवस्था’ ही प्रेस्बिटेरियन चौकट ठेवून फक्त बालबाप्तिस्मा नाकारतात. काही कॉक्सकडे वळतात. तर ‘नवकरारवादी’ कर्मांचा करारच मानत नाहीत. बॅप्टिस्टांना ‘रिफॉर्म्ड’ (कॅल्विनपंथीय) म्हणावे की नाही, यावर प्रेस्बिटेरियनांशी त्यांची आजही हुज्जत चालते.