'सिक्स'चा 'सक्स' कसा झाला?

न्यूझीलंडमधला सामना लागला की तिथल्या समालोचकाच्या तोंडी 'सिक्स' जवळजवळ 'सक्स' ऐकू येतो आणि 'टेन' म्हणजे दहाचा आकडा 'टिन'सारखा. यांचे पूर्वज तिथे वसायला गेले ते बहुतेक ब्रिटन आणि आयर्लंडमधून. मग असं बोलायला शिकले कुणाकडून? खरं तर कुणाकडूनच नाही. हा हेल तिथल्या पोरांनी घडवला, आणि तो घडत असतानाचे आवाज आज आपल्याला ऐकता येतात.

1946 ते 1948 या काळात तिथल्या नभोवाणीची एक गाडी ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन गावोगाव फिरली. म्हाताऱ्या माणसांनी लहानपणच्या, पहिल्या वसाहतींच्या आठवणी सांगायच्या आणि त्या तबकड्यांवर उतरवून घ्यायच्या. सांगणाऱ्यांतले काही जण 1850च्या दशकात जन्मलेले होते. आपल्या आठवणींपेक्षा आपले उच्चारच पुढे मोलाचे ठरतील, हे त्यांच्या गावीही नसणार. चाळीस-एक वर्षांनी कँटरबरी विद्यापीठात एलिझाबेथ गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी त्या तबकड्यांचा अभ्यास सुरू केला. भाषेच्या अभ्यासात इतकं भाग्य क्वचितच लाभतं.

त्या आवाजांत सगळ्यात चकित करते ती सरमिसळ. एकाच गावात वाढलेली दोन माणसं वेगवेगळी बोलतात. एकाच माणसाच्या तोंडी एक उच्चार स्कॉटिश, दुसरा आयरिश, तिसरा लंडनकडचा, आणि असा मेळ ब्रिटनमध्ये कुठेच सापडत नाही. पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञांनी याची उकल अशी केली: मोठी माणसं आपापली बोली घेऊन बोटीतून उतरली, तिचे फार टोकदार कंगोरे तेवढे त्यांनी घासले. त्यांच्या मुलांसमोर मात्र अनुकरण करावं अशी एकच बोली नव्हती, म्हणून जे कानावर पडलं त्यातून ती वेचत गेली. नातवंडांच्या पिढीत ही खिचडी मुरली आणि बहुतेक वेळा जो उच्चार जास्त तोंडी होता तो टिकला.

'ह'चंच पाहा. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत सामान्य माणसं 'हाउस'मधला 'ह' गिळतात. स्थलांतरितांत जवळपास निम्मे इंग्लंडचे होते, तरीही न्यूझीलंडमध्ये 'ह' वाचला. कारण स्कॉटिश, आयरिश आणि 'ह' न गिळणारे इंग्लिश लोक मिळून जास्त भरले. सगळं काही अशा संख्येवरच ठरतं हे मला पुरेसं पटत नाही, आणि ट्रडगिल यांच्याशी याच मुद्द्यावर वाद घालणारे अभ्यासकही आहेत. पण मुलं आईबापांपेक्षा सवंगड्यांकडून बोलणं उचलतात, हे आपल्याही घरोघरी दिसतं. अकोल्याचे आईवडील 'जेवून राहिलो' म्हणत असतात आणि पुण्यात वाढलेली लेक 'जेवतेय' म्हणते.

आणखी एक गोष्ट. ओटागो प्रांतात ॲरोटाउन हे सोन्याच्या शोधात आलेल्या नाना ठिकाणच्या लोकांचं गाव, तर मिल्टन बरंचसं स्कॉटिश. नवा हेल आधी ॲरोटाउनला रुजला. जिथे सरमिसळ जास्त, तिथे नवं लवकर घडतं. 1900च्या आसपास शाळा तपासनीस या उच्चारांवर फार चिडत; मुलं आळशीपणाने बोलतात, असं त्यांना वाटे. आपल्याकडे वऱ्हाडी-मालवणी पोरांना 'नीट बोल' म्हणून दटावलं जातं, तो अन्याय तिथेही झालाच.

दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिलच्या परिसरात स्कॉटिश लोक दाटीने वसले. बाकी देशात स्वरानंतरचा 'र' विरून गेला, इथे तो राहिला. जुन्या माणसांच्या तोंडी तो 'कार'मध्येही ऐकू येई. तरुणांच्या बोलण्यात तो 'पर्पल', 'वर्क', 'शर्ट' अशा शब्दांत अजून ठणठणीत आहे.