नावाचे वलय (सोलापूर)

नावाचे वलय : व्यक्तिनाम कानावर पडताच ऐकणारा त्या माणसाची भाषा, जात, वय, गाव आणि पुष्कळदा स्वभावही मनाशी ठरवून टाकतो. नावाला चिकटलेल्या या गृहीतांना येथे वलय म्हटले आहे. शब्दार्थाशी त्याचा संबंध असतोच असे नाही. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीत नावाचा अर्थ आणि परिस्थिती यांतल्या अंतराची थट्टा आहे. वलय तयार होते ते ते नाव आधी कोणाकोणाचे होते यावरून.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी वळणाची उर्दू एकाच बाजारात बोलली जाते. त्यामुळे येथे नावाचा शेवट आधी ऐकला जातो. -अप्पा, -अण्णा, -अव्वा म्हटले की घरची भाषा कन्नड असणार, असा अंदाज बांधला जातो. -अय्या मात्र फसवा आहे. इरय्या किंवा शिवय्या म्हटले की जंगमाचे, म्हणजे लिंगायत पुरोहिताचे, घर डोळ्यांपुढे येते. नरसय्या, राजय्या म्हटले की पूर्व भागातले, मागावर चादरी-टॉवेल विणणारे तेलुगूभाषक पद्मशाली घर. सोलापूरकराला हा फरक विचारावा लागत नाही. हीच माणसे पुण्यात गेली की दोघेही सरसकट ‘साउथचे’ ठरतात.

शहराचे सर्वांत ठळक नाव अर्थातच सिद्धाराम. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांमुळे सिद्धेश्वर, सिद्रामप्पा, सिद्धव्वा अशी नावे घरोघर रुजली. त्यांच्या कन्नड वचनांच्या शेवटी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रिका, म्हणजे रचनाकाराची खूण, येते. मल्लिकार्जुन, मल्लिनाथ, मल्लप्पा या नावांना इथे जो मान आहे, त्यामागे हेही आहे. बोलण्यात सिद्धारामचा ‘सिद्राम’ होतो आणि ऐकणाऱ्यापुढे संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारा गडी उभा राहतो. प्रत्यक्षातला सिद्राम बँकेत कारकून असला तरी.

वलय कसे उलटते याचा उत्तम नमुना याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या देवाच्या नावात सापडतो. ‘पांडुरंग’ पूर्ण उच्चारला की टाळ, तुळस आणि वारी आठवते. त्याचाच ‘पांडू’ झाला की डोळ्यांपुढे हवालदार येतो. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’ या चित्रपटाने हे चित्र घट्ट केले, ते इतके की पोलिसाची चेष्टा करताना त्याचे खरे नाव विचारण्याची गरजच उरली नाही. देवाचे नाव असे एका खात्याला चिकटावे, हे पंढरपुरातल्या पांडुरंगांना कसे वाटत असेल कोण जाणे! मराठीत संक्षेप कधीच निष्पाप नसतो. गणेशचा ‘गणू’ लाडाचा. ‘गण्या’ मित्राच्या तोंडी जवळिकीचा, मालकाच्या तोंडी तुच्छतेचा. शब्द तोच, फरक बोलणाऱ्याच्या जागेचा. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ या म्हणीत तरी दुसरे काय आहे?

काही नावे जाणूनबुजून हलकी ठेवली जात. मुले जगत नसत त्या घरात दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावे ठेवत. कारण विसरले गेले, आणि या नावांवर ‘अडाणी, खेडवळ’ असा शिक्का तेवढा उरला. ‘नकुशी’ त्याहून क्रूर, कारण तिथे नावाचा अर्थच शिक्का होता. २०११ साली शेजारच्या सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे आवर्जून ठेवली गेली. त्यांतले राहुल पुढे सगळ्यांचेच झाले आणि त्याची खूण पुसली गेली. सिद्धार्थ आणि सिद्धाराम यांत कानाला अंतर थोडे आहे, पण सोलापुरात त्यांतून दोन वेगळे मोहल्ले सुचतात. हे नुसते कुतूहल राहत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांसाठी समान पात्रतेचे अर्ज पाठवले होते. दलित व मुस्लिम वाटणाऱ्या नावांना बोलावणी कमी आली.

उलट दिशेचे उदाहरण सोलापूरच्याच चार हुतात्म्यांचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. सुटे उच्चारले तर प्रत्येक नाव वेगळ्या गल्लीतले वाटते. शहर ती चारही एका दमात घेते, तेव्हा गल्ली आठवत नाही, मे १९३० चा मार्शल लॉ आठवतो.

१९१० साली सोलापुरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे पहिले नाव आता आजोबांच्या पिढीतले वाटते. चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांत ‘हुआ’, म्हणजे चीन, जोडून घेतले. कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. १९४२ साली जन्मलेल्या त्यांच्या मुलाचे नाव ‘यिनहुआ’, म्हणजे भारत-चीन, असे ठेवण्यात आले. हा मुलगा वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ साली वारला.