फ्लेअरच्या ज्वाळेचा त्रास : तक्रार कोणी करायची, कुठे आणि कोणत्या कागदांनिशी

पेट्रोकेमिकल कारखान्याच्या उंच चिमणीवर रात्रभर ज्वाळा भडकते. घराच्या भिंती तांबड्या दिसू लागतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं झोपेविना रात्र काढतात. फोन करावा तिथून एकच उत्तर येतं : "ते सुरक्षेसाठी असतं." हे उत्तर खोटं नाही, पण पुरतंही नाही. अनेक तक्रारी याच उत्तरापाशी अडून बसतात. पुढची माहिती महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे. कायदे बहुतेक केंद्राचे असल्याने इतर राज्यांतही वाट साधारण हीच, फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळाचं नाव बदलेल.

आधी मागणी नीट ठरवा

फ्लेअर म्हणजे कारखान्यातला जादा किंवा अडकलेला वायू सुरक्षितपणे जाळून टाकण्याची सोय. यंत्रणेतला दाब अचानक वाढला, वीज गेली, कॉम्प्रेसर बंद पडला किंवा संयंत्र देखभालीसाठी बंद करून पुन्हा सुरू करायचं असलं की तो वायू फ्लेअरकडे वळवतात. टोकाला एक छोटी पायलट ज्योत कायम तेवत ठेवलेली असते. ती विझली आणि वायू न जळता बाहेर पडला, तर तो प्रकार ज्वाळेपेक्षा कितीतरी घातक. म्हणून "फ्लेअर कायमचा बंद करा" अशी मागणी अर्जात कधीही लिहू नका. तेवढ्या एका वाक्यावर अर्ज बाजूला पडू शकतो.

विचारायचं ते असं : इतका वायू का जाळावा लागला, किती वेळ, किती धुरासह, आणि मंडळाला कळवलं होतं का? काळा धूर दिसतो म्हणजे वायू पूर्ण जळत नाही. धूर दाबण्यासाठी ज्वाळेत वाफ सोडतात. ती कमी पडली तर काजळी होते आणि जास्त झाली तर घरघराट वाढतो. दोन्ही गोष्टी चालवणाऱ्याच्या हातातल्या आहेत. फ्लेअरकडे जाणारा वायू परत पकडून वापरण्याची यंत्रणा, जमिनीलगतचा बंदिस्त फ्लेअर, नियोजित फ्लेअरिंगची आगाऊ सूचना, हे उपायही जगभर वापरात आहेत. मागणी या उपायांची करा.

तक्रार कोण करू शकतं

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कुणीही तक्रार करू शकतं. घर स्वतःचं असलं पाहिजे असं नाही. भाडेकरू, शेतकरी, मच्छीमार, शाळेचे मुख्याध्यापक, सोसायटी, ग्रामपंचायत, सगळे चालतात. शुल्क नाही, वकील लागत नाही. पन्नास सह्यांचा एक अर्ज वजनदार दिसतो खरा, पण त्याच्या जोडीला पाच-सहा घरांचे स्वतंत्र अर्ज, प्रत्येकाच्या स्वतःच्या नोंदींसह गेले तर ते अधिक उपयोगी. एकाच्या नोंदीला दुसऱ्याची नोंद पुरावा ठरते. ग्रामसभेचा ठराव मिळाला तर जरूर जोडा.

नोंदवही, म्हणजे खरा पुरावा

चिमणीतून निघणाऱ्या धुराचा नमुना घेता येतो. फ्लेअर मात्र उघड्यावरची ज्वाळा आहे, तिचा नमुना तसा घेता येत नाही. शिवाय अधिकारी पाहणीला येईपर्यंत ती खाली बसलेली असते. म्हणून तुमची नोंद हाच कणा आहे.

साधी वही पुरते. तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, धुराचा रंग, आवाजाचा प्रकार (घरघर, शिट्टीसारखा, की छातीत जाणवणारा खोल घुमारा), भांडी-तावदानं थरथरली का, वास आला का, वारा कुठल्या बाजूने होता. काही झालं नाही त्या रात्रीही "शांत" अशी नोंद ठेवा. त्याने वहीवरचा विश्वास वाढतो. छतावर, गाडीच्या काचेवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसली तर फोटो काढा. व्हिडिओ घेताना ज्वाळेबरोबर एखादी ओळखीची खूण, म्हणजे पाण्याची टाकी किंवा शाळेची इमारत, चौकटीत येऊ द्या. मूळ फाइल त्याच फोनमध्ये जपा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतीतून मूळ तारीख-वेळेची माहिती सहसा निघून जाते. प्रकरण पुढे न्यायासनासमोर गेलं तर अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना फोन कुणाचा हा प्रश्न येतोच.

फोनवरच्या ॲपने मोजलेला आवाज पुरावा म्हणून टिकत नाही, पण मंडळाने रात्री येऊन मोजणी करावी यासाठी आधार म्हणून चालतो. दवाखान्याचे कागद असतील तर तारखेनिशी लावून ठेवा. "फ्लेअरमुळेच दमा झाला" असं स्वतः लिहू नका. त्रास कधी वाढला एवढं लिहा, निदान डॉक्टरांवर सोडा.

पहिला अर्ज : प्रदूषण नियंत्रण मंडळ

अर्ज मंडळाच्या उप-प्रादेशिक अधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रत प्रादेशिक अधिकाऱ्यांना आणि मुंबईतल्या मुख्यालयात सदस्य सचिवांना. ईमेल पाठवला तरी छापील अर्ज हाताने देऊन पोच घ्या. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवाच. सोबत ओळखपत्राची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा, नोंदवहीच्या पानांच्या प्रती, फोटो, व्हिडिओचा पेन ड्राइव्ह, आणि घर व कारखाना दाखवणारा साधा नकाशा. इतकं पुरे.

मजकूर छोटा ठेवा. नमुना असा :

"दि. … रोजी रात्री ११.४० ते पहाटे ३.१५ या वेळेत सदर कारखान्याच्या फ्लेअरमधून सतत काळा धूर निघत होता व मोठा आवाज होत होता. घरातील तावदाने थरथरत होती. नोंदी व चित्रफीत सोबत जोडली आहे. सदर घटनेची माहिती कारखान्याने वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम २३ अन्वये मंडळास कळवली होती काय, याची तपासणी व्हावी. कलम २४ अन्वये स्थळपाहणी करून फ्लेअरच्या नोंदी तपासाव्यात, रात्रीच्या वेळी ध्वनिमापन व फिरत्या वाहनाद्वारे हवेची तपासणी करावी, आणि अहवालाची प्रत आम्हास द्यावी."

यातलं कलम २३ नीट लक्षात ठेवा. अपघाताने किंवा अनपेक्षित कारणाने मर्यादेबाहेर उत्सर्जन झालं, किंवा होण्याची भीती असली, तर ते मंडळाला ताबडतोब कळवणं कारखान्यावर बंधनकारक आहे. कळवलं असेल तर कागद हाती येतो. कळवलंच नसेल तर कंपनीला सांगावं लागेल की घटना मर्यादेच्या आत होती, आणि तुमच्या व्हिडिओसमोर ते सांगणं सोपं नसतं. "फार त्रास होतो" या वाक्याला "पाहणी केली, त्रुटी आढळली नाही" असं उत्तर देता येतं; तारीख-वेळेसह विचारलेल्या या प्रश्नाला येत नाही.

उल्लंघन आढळलं तर मंडळ कारणे दाखवा नोटीस काढू शकतं आणि कलम ३१अ खाली थेट निर्देश देऊ शकतं. वीज-पाणी तोडणं आणि बंदी घालणं त्यातच येतं. वायू कायद्यातल्या बऱ्याच उल्लंघनांना १ एप्रिल २०२४ पासून तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड लागू झाला आहे.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या आणि 'आपले सरकार' पोर्टलवर तीच तक्रार नोंदवा. प्रत्येक नव्या घटनेचा वेगळा अर्ज करा. जुन्याच अर्जात तारखा वाढवत गेलात तर मुदतीच्या हिशेबात पुढे अडचण येते.

माहिती अधिकार : हा टप्पा वगळू नका

खासगी कंपनीला थेट माहिती मागता येत नसली, तरी तिने मंडळाला दिलेले कागद मंडळाकडून मागता येतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्पही चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

मागायचे कागद : चालू संमतीपत्र (कारखाना चालवायला मंडळाने दिलेली परवानगी) सर्व अटींसह, अमुक ते अमुक तारखेदरम्यान कलम २३ खाली आलेल्या सूचना, त्याच काळातले पाहणी अहवाल आणि बजावलेल्या नोटिसा. संमतीपत्र हाती आलं की फ्लेअर, ध्वनी आणि आकस्मिक उत्सर्जन या तीन गोष्टींवरच्या अटी खुणा करून वाचा. पुढची लढाई त्या अटींवरच उभी राहते.

एक गोष्ट माहिती अधिकाराशिवायही मिळू शकते. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल दर सहामाहीला, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक कागद आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधा. मंजुरीपत्रात फ्लेअरविषयी काय अट होती आणि अहवालात तिच्यापुढे काय लिहिलं आहे, हे शेजारी ठेवून बघण्यासारखं असतं.

आवाज आणि उजेड

ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर नियम ७ खाली प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते; हे काम जिल्हा दंडाधिकारी किंवा नेमलेले पोलीस अधिकारी पाहतात. तुमचं घर कागदोपत्री कोणत्या क्षेत्रात मोडतं हे आधी बघा, कारण औद्योगिक क्षेत्राला रात्रीची मर्यादा थेट ७० आहे. फ्लेअरच्या खोल घुमाऱ्याने तावदानं हलत असली तरी मोजणीतला आकडा त्या मानाने कमी येऊ शकतो, म्हणून थरथरीचा उल्लेख वेगळा करा.

उजेडासाठी आवाजासारखी ठरलेली मर्यादा आपल्याकडे नाही. म्हणून तो मुद्दा सार्वजनिक उपद्रव म्हणून मांडावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकारी, म्हणजेच उपविभागीय दंडाधिकारी, उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं.

राष्ट्रीय हरित लवाद

मंडळाने दाद दिली नाही, किंवा नुकसानभरपाई हवी असेल, तर हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या प्रकरणांसाठीचं खास न्यायासन. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. इथे पात्रतेची व्याख्या रुंद आहे : इजा झालेली व्यक्ती, नुकसान झालेल्या मालमत्तेचा मालक, मृताचे वारस, आणि बाधित असलेली कुणीही व्यक्ती किंवा संस्था. स्वतः उभं राहून बाजू मांडता येते, पण भरपाईच्या दाव्यात जाणकार वकील असलेला बरा.

मुदत काटेकोर आहे. पर्यावरणाच्या महत्त्वाच्या प्रश्नावरचा अर्ज (कलम १४) कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिन्यांत. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. भरपाई आणि पूर्वस्थिती मिळवण्याचा अर्ज (कलम १५) ५ वर्षांत, अधिक तेच ६० दिवस. फ्लेअर दहा वर्षांपासून आहे असं अर्जात मोघम लिहिलंत तर समोरचा वकील मुदत संपल्याचा मुद्दा काढणार, हे धरूनच चाला. अलीकडच्या ठरावीक घटना, मोडलेली ठरावीक अट आणि मंडळाला दिलेल्या अर्जांची पोच, यांवर अर्ज बांधा.

शुल्क १,००० रुपये. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. लवादाचं काम इंग्रजीतून चालतं, त्यामुळे मराठी नोंदवही, ठराव, अर्ज यांची इंग्रजी भाषांतरं लागतात. औषधोपचाराचा खर्च, पिकाचं, जनावरांचं किंवा मासेमारीचं नुकसान, बुडालेला रोजगार यांची भरपाई मागता येते, पण प्रत्येकाला बिल, सातबारा, पंचनामा असा कागद हवा. आदेश पटला नाही तर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील.

मुंबईतल्या माहुल-आंबापाडा परिसराचं उदाहरण बघा. तिथला विषय फ्लेअर नव्हता, बाष्पशील (हवेत सहज उडून जाणाऱ्या) रसायनांचा वास आणि हवा हा होता. रहिवाशांनी नेलेल्या त्या प्रकरणात लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. ही लढाई अनेक वर्षं चालली.

आणीबाणी असेल तर

ज्वाळा अचानक विझून वायूचा उग्र वास आला, डोळे चुरचुरू लागले, श्वास अडू लागला, तर अर्जाचा विचार नंतर. वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर व्हा आणि ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करा. अशा वेळी काय करायचं हे कारखान्याने आसपासच्या लोकांना आधीच सांगायला हवं. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांत तशी सक्ती आहे, आणि जिल्हा प्रशासनाकडे कारखान्याबाहेरच्या आणीबाणीचा आराखडा असावा लागतो. तुमच्या गावात ही माहिती कुणी दिली नसेल तर त्याची लेखी विचारणा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय या दोघांकडे करा. त्या अर्जासाठी कोणत्याही घटनेची वाट बघावी लागत नाही.