नेत्यावर गोळी झाडली गेली की अमेरिकेत पूर्वी कायदा यायचा

१३ जुलै २०२४ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर इथल्या सभेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली आणि श्रोत्यांमधला एक जण जागीच गेला. जून २०२५ मध्ये मिनेसोटाच्या प्रतिनिधिगृहाच्या माजी अध्यक्ष मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची राहत्या घरात हत्या झाली. मारेकरी पोलिसाच्या वेशात दारात आला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूटामधल्या एका विद्यापीठाच्या आवारात, भर कार्यक्रमात ट्रम्पसमर्थक तरुण कार्यकर्ते चार्ली कर्क यांना गोळी घालून मारले. तिन्ही वेळा चर्चा रंगली ती सुरक्षेची, भडक भाषेची, समाजमाध्यमांची. बंदुकीच्या केंद्रीय कायद्यातले एक कलमही या घटनांमुळे बदलले नाही.

आता याचे कुणाला आश्चर्यही वाटत नाही. पण विसाव्या शतकातले अमेरिकेचे बहुतेक मोठे शस्त्रकायदे कुठल्या ना कुठल्या नेत्यावर झालेल्या गोळीबाराच्या पाठोपाठ आले आहेत. ते उशिरा आले, काटछाट होऊन आले, पण आले. ही परंपरा कशी सुरू झाली आणि कुठे खंडित झाली, ते पाहिल्याशिवाय आजची स्तब्धता कळत नाही.

१७९१ साली मंजूर झालेली दुसरी घटनादुरुस्ती एका वाक्याची आहे. सुनियंत्रित नागरी सेना स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्याने शस्त्र बाळगण्याच्या जनतेच्या हक्कावर अतिक्रमण होणार नाही, असा तिचा आशय. हा हक्क नागरी सेनेपुरता की प्रत्येक व्यक्तीचा, हा वाद या वाक्याच्या दोन भागांतून निघतो. मात्र व्यवहारात पहिल्या शतकभरात प्रश्न वेगळाच होता: बंदूक कुणाच्या हातात आहे? यादवी युद्ध संपताच १८६५ मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी घातली. १८७३ च्या ईस्टरला लुइझियानातल्या कोलफॅक्स इथे निवडणुकीच्या निकालावरून पेटलेल्या वादात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कृष्णवर्णीयांचे हत्याकांड केले. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा, १८७६ मध्ये, न्यायालयाने म्हटले की दुसरी घटनादुरुस्ती फक्त केंद्राच्या काँग्रेसला बांधते. खासगी टोळीने कुणाची शस्त्रे हिसकावली तर ही दुरुस्ती त्याच्या मदतीला येणार नव्हती. अमेरिकेतल्या राजकीय हिंसेचा हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा अध्याय आहे. राष्ट्राध्यक्षांच्या हत्यांपुढे तो झाकोळून जातो.

त्या हत्यांचा बंदुकीच्या कायद्यावर सुरुवातीला काहीच परिणाम झाला नाही. लिंकन १८६५ मध्ये, गारफील्ड १८८१ मध्ये, मॅकिन्ली १९०१ मध्ये, तिघेही हातात लपेल एवढ्या छोट्या शस्त्राने मारले गेले. गारफील्ड यांचा मारेकरी सरकारी पद न मिळाल्याने बिथरलेला होता, म्हणून नोकरभरती गुणवत्तेवर करण्याचा कायदा आला. मॅकिन्ली यांचा मारेकरी अराजकवादी होता, म्हणून परदेशी अराजकवाद्यांना देशाची दारे बंद झाली आणि सीक्रेट सर्व्हिसकडे राष्ट्राध्यक्षांचे रक्षण आले. हातरुमालाखाली लपवलेल्या त्या रिव्हॉल्वरबद्दल कुणी काही बोलले नाही.

पहिला बदल न्यूयॉर्कने केला. ऑगस्ट १९१० मध्ये शहराचे महापौर विल्यम गेनर युरोपला निघाले होते. होबोकेनच्या धक्क्यावर, जहाजाच्या डेकवर, पालिकेच्या नोकरीतून काढलेल्या एका माणसाने अगदी जवळून त्यांच्यावर गोळी झाडली. एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने नेमक्या त्याच क्षणी कॅमेऱ्याची कळ दाबली: कोटावर रक्त, नजर हरवलेली, दोन्ही बाजूंनी सावरणारी माणसे. गेनर वाचले, पण गोळी घशात कायमची राहिली. या घटनेने आणि पुढच्या वर्षीच्या एका गाजलेल्या खुनाने सुलिवन कायद्याला वाट मोकळी झाली. १९११ पासून न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल बाळगायला पोलिसांचा परवाना लागू लागला. इटालियन स्थलांतरितांबद्दलचा संशयही त्यामागे होता, हे विसरता येत नाही.

पुढचा टप्पा १९३३ चा. मायामीत निर्वाचित राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांपैकी एक शिकागोचे महापौर अँटन सरमॅक यांना लागली आणि तीन आठवड्यांनी ते वारले. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी लोक आधीच हैराण होते. १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्रकायद्याने मशीनगन आणि नळी कापून आखूड केलेल्या शॉटगनवर २०० डॉलरचा कर व नोंदणी लादली. मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्वरही होती, ती विरोधामुळे वगळली गेली. मारेकऱ्याने वापरली होती ती खिशातली रिव्हॉल्वरच. म्हणजे ज्या शस्त्राने सरमॅक गेले, तेच कायद्याबाहेर राहिले.

केनेडी यांच्या हत्येमागच्या रायफलची कहाणी थोडी सविस्तर सांगायला हवी. १९६३ च्या सुरुवातीला ली हार्वे ओस्वाल्डने ‘अमेरिकन रायफलमन’ या नियतकालिकातल्या जाहिरातीचे कूपन कापले, त्यावर ‘ए. हिडेल’ हे खोटे नाव आणि डॅलसच्या टपालपेटीचा क्रमांक लिहिला आणि शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाला मनिऑर्डर पाठवली. दुर्बीण बसवलेल्या इटालियन लष्करी रायफलची किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च दीड डॉलर. काही दिवसांत पार्सल हाती आले. ओळखपत्र नाही, चौकशी नाही, आणि यात बेकायदा काहीच नव्हते. युद्धोत्तर युरोपातली जुनी शस्त्रे असल्या जाहिरातींमधून स्वस्तात विकली जात होती आणि स्वदेशी बंदूक कारखानदार त्यावर नाराजही होते.

ती जाहिरात छापणारे मासिक नॅशनल रायफल असोसिएशनचे होते. ही संस्था १८७१ मध्ये यादवी युद्धातल्या माजी सैन्याधिकाऱ्यांनी स्थापन केली, कारण उत्तरेच्या सैनिकांचा नेम फारच वाईट होता. शंभर वर्षे तिचे मुख्य काम नेमबाजी आणि शिकार हेच राहिले. केनेडींच्या हत्येनंतर तिच्या पदाधिकाऱ्याने काँग्रेससमोर टपालाने रायफल विकण्यावर बंधन घालायला अनुकूल साक्ष दिली. तरीही सिनेटर थॉमस डॉड यांचे विधेयक पाच वर्षे समितीत कुजत पडले. ते हलवायला आणखी दोन खून लागले: एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. ऑक्टोबरमध्ये लिंडन जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल अॅक्ट’वर सही केली. टपालाने बंदूक मागवणे बंद झाले. गुन्हेगार आणि काही अन्य गटांना खरेदीला मनाई झाली. जॉन्सन यांना प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि प्रत्येक मालकाला परवाना हवा होता. ते मिळाले नाही, आणि त्याचा दोष त्यांनी सहीच्या समारंभातच बंदूक लॉबीला दिला.

याच सुमारास कॅलिफोर्नियात जे घडले, त्यात मिसिसिपीचा जुना प्रश्न परत दिसतो. ओकलंडमध्ये कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांच्या मागे गस्त घालत. त्यावर बंदी घालणारे विधेयक आले तेव्हा २ मे १९६७ रोजी ते भरलेल्या बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. विधेयक झपाट्याने मंजूर झाले आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. एप्रिल २०२० मध्ये मिशिगनच्या विधानभवनात करोना निर्बंधांविरुद्ध रायफली घेऊन बहुतांश गोरे निदर्शक आत गेले, तेव्हा ते त्या राज्यात पूर्णपणे कायदेशीर होते. या दोन प्रसंगांतला फरक कायद्याच्या भाषेत शोधून सापडणार नाही.

माझ्या मते खरे वळण १९७७ चे आहे आणि तेव्हा कुणावर गोळी झाडली गेलेली नव्हती. रायफल असोसिएशनचे नेतृत्व मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोला हलवून शिकार आणि निसर्गरक्षणाकडे वळू पाहत होते. मे महिन्यात सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत हार्लन कार्टर यांच्या गटाने पहाटेपर्यंत चाललेल्या मतदानात त्या नेतृत्वाला पायउतार केले. तेव्हापासून संस्थेने एकच विषय धरला: कुठलेही नवे बंधन म्हणजे जप्तीची पहिली पायरी. मुख्यालयात घटनादुरुस्ती झळकली, पण तिचा फक्त उत्तरार्ध. नागरी सेनेचा उल्लेख गाळलेला. बंदूक ही आता वस्तू उरली नाही, ती राजकीय ओळख झाली.

म्हणूनच १९८१ मध्ये रेगन यांच्यावरच्या गोळीबाराचा परिणाम दिसायला बारा वर्षे लागली. हल्लेखोराला आदल्या ऑक्टोबरमध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टर शहरात असतानाच, नॅशव्हिलच्या विमानतळावर पिस्तुलांसह पकडले होते. किरकोळ दंड भरून तो सुटला आणि काही दिवसांतच डॅलसच्या एका गहाणवटीच्या दुकानातून नवी रिव्हॉल्वर घेऊन बाहेर पडला. दरम्यान १९८६ मध्ये रेगन यांनीच शस्त्रविक्री सैल करणाऱ्या आणि केंद्रीय नोंदवहीला मनाई करणाऱ्या कायद्यावर सही केली. डोक्यात गोळी लागून जायबंदी झालेले त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रॅडी आणि त्यांच्या पत्नी सारा मात्र वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. १९९१ मध्ये रेगन यांनी जाहीर पाठिंबा दिला आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये क्लिंटन यांनी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याच्या ब्रॅडी कायद्यावर सही केली.

वर्षभरात लष्करी धाटणीच्या काही रायफलींवर दहा वर्षांची बंदी आली. मे १९९४ मध्ये प्रतिनिधिगृहात ती २१६ विरुद्ध २१४ अशी जेमतेम तरली होती. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट पक्षाने सभागृह गमावले. खुद्द सभापती टॉम फोली घरच्या मतदारसंघात पडले. पराभवाची कारणे अनेक होती, पण राजकारण्यांनी धडा घेतला तो बंदुकीचाच. बंदी २००४ मध्ये संपली, ती कुणी वाढवली नाही.

त्यानंतर परंपरा खंडितच झाली. जानेवारी २०११ मध्ये टुसॉनला खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी लागली, सहा जण मेले. ३३ काडतुसांच्या मॅगझिनवरही बंदी आली नाही. २०१७ मध्ये बेसबॉलच्या सरावात रिपब्लिकन नेते स्टीव्ह स्कॅलिस गंभीर जखमी झाले. त्यांनी नंतर सांगितले की बंदुकीच्या हक्कावरचा आपला विश्वास उलट दृढच झाला. नेत्याच्या रक्ताने जे हलायचे, ते आता हललेच तर लहान मुलांच्या रक्ताने हलते, आणि तेही क्वचित. सँडी हूकच्या शाळेत २० मुले मारली गेल्यावरही सिनेटमध्ये पार्श्वभूमी तपासणीचा विस्तार ६० मतांअभावी पडला.

न्यायालयाने तोवर निम्मे मैदान काढून घेतले होते. २००८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला. २३ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने सुलिवन कायद्यातली, घराबाहेर पिस्तूल नेण्यासाठी विशेष गरज दाखवण्याची अट रद्द केली. यापुढे शस्त्रबंधन टिकायचे तर ते देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजे, असा निकष घातला. दोनच दिवसांनी बायडेन यांनी टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडानंतरच्या, जवळपास तीन दशकांतल्या पहिल्या ठळक केंद्रीय शस्त्रकायद्यावर सही केली. २१ वर्षांखालील खरेदीदारांची कसून तपासणी ही त्यातली मुख्य तरतूद.

बटलरनंतर सीक्रेट सर्व्हिसच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला आणि ट्रम्प उघड्या मैदानावरच्या सभांत बुलेटप्रूफ काचेमागून बोलू लागले. मिनेसोटानंतर अनेक राज्यांत लोकप्रतिनिधींचे घरचे पत्ते सरकारी संकेतस्थळांवरून काढण्यात आले.