सोळाव्या दिवशी ढीग उलटायचा

"मावशी, हात घाल ना आत. काही होत नाही."

माझी आठवीतली भाची शाळेच्या मागच्या भिंतीशी फावडं घेऊन उभी होती. समोर खतासाठी रचलेला, कंबरेएवढा पाचोळ्याचा ढीग. इंदुरातली जानेवारीची सकाळ, बोचरी थंडी, आणि तिने वरचा थर बाजूला करताच आतून भप्पकन वाफ आली, कुकरचं झाकण काढावं तशी. मी मनगटापर्यंत हात घातला आणि लगेच मागे घेतला. मुलांनी प्रयोगशाळेतला थर्मामीटर सुतळीने बांबूला बांधला होता. तो आत खुपसून दोन मिनिटांनी काढला, तर पारा 58 अंशांवर. खाली ना चूल, ना निखारा.

ही ऊब जिवाणूंची. आपण पोळी खातो, श्वासातल्या ऑक्सिजनने तिच्यातली साखर हळूहळू जाळतो, म्हणून आपलं अंग कोमट राहतं. ढिगातले जिवाणूही डब्यातली उरलेली भाजी, केळ्याची सालं, पाचोळा असाच "जाळतात". एकेकट्याची ऊब नगण्य, पण चिमूटभर खतात ते कोट्यवधी असतात आणि सगळे एकदम जेवायला बसलेले असतात. आधी सुरुवात करतात ते साध्या हवामानात जगणारे. ढीग 40-45 अंशांपलीकडे गेला की त्यांना ते सोसवत नाही आणि उष्णताप्रिय जिवाणू ताबा घेतात. तीन दिवस 55 अंशांच्या वर राहिलेल्या भागात बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. पण 65-70 च्या पुढे हे कामकरीही गारद होऊ लागतात. म्हणून थर्मामीटर हवाच, नुसता अंदाज पुरत नाही.

मुलांचा पहिला प्रयत्न रंगाच्या रिकाम्या डब्यातला. तो कधी तापलाच नाही. का तापला नाही, ते त्यांच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर दाखवलं, आणि मला वाटतं घनफळाचा धडा त्या वर्गाला जन्मभर विसरता येणार नाही. घनाची बाजू दुप्पट केली की बाहेरचा पृष्ठभाग चौपट होतो, आतलं घनफळ मात्र आठपट. ऊब तयार होते घनफळात आणि निसटते पृष्ठभागावरून. त्यामुळे लहान डबा जेवढं कमावतो तेवढं गमावतो. साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच ढीग झाला की ऊब आत टिकते. एका घरात एवढा ओला कचरा निघत नाही, शाळेत निघतो.

आता आत काय घालायचं? जिवाणूंना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि अंग वाढवायला नायट्रोजन, साधारण तीस भागांना एक भाग. जेवणातल्या उरल्यासुरल्यात नायट्रोजन भरपूर असतो, वाळक्या पानांत कार्बन. म्हणून एक बादली ओलं टाकलं की दोन-तीन बादल्या पाचोळा. नायट्रोजन जास्त झाला तर तो अमोनिया होऊन उडतो आणि नाकाला झोंबतो. ओलाव्याची परीक्षा तर आपल्या स्वयंपाकघरातलीच: मूठ दाबली की लाडवासारखी वळली पाहिजे, बोटांतून फार तर थेंबभर पाणी यावं. आणि सुरुवातीला जुन्या खताची पाटीभर भर, विरजण म्हणून. विरजणाशिवायही ढीग लागतो, पण उशिरा.

हे सगळं मुलं आज तोंडपाठ सांगतात, कारण जुलैत त्यांचा ढीग बिघडला होता. आठवडाभर पाऊस लागला, वर ताडपत्री घालायची राहिली, आणि सडक्या अंड्यासारखा वास थेट शेजारच्या घरांपर्यंत गेला. तक्रारी आल्या. हे प्रकरण बंद करून टाका, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जाऊ लागलं. मुलांनी चार दिवस मागून घेतले.

त्या चार दिवसांत त्यांना उमगलं ते हे. पानांमधल्या फटी पाण्याने भरल्या की ऑक्सिजन आत पोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या जवळजवळ दहा हजारपट सावकाश पसरतो. मग हवेविना जगणारे जिवाणू काम हाती घेतात आणि त्यांच्याकडून हायड्रोजन सल्फाइड, आंबट आम्लं, मिथेन असलं काहीबाही निघतं. मार्चमधल्या पानगळीत कडुलिंबाचा पाचोळा जाळू न देता मुलांनी पोत्यांत भरून ठेवला होता. तो मिसळून सगळा ढीग त्यांनी वरखाली केला, नाकाला रुमाल बांधून. तिसऱ्या दिवशी वास गेला. मला या उपक्रमातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. कुणी मोठ्यांनी येऊन ढीग दुरुस्त करून दिला असता तर मुलं एवढं शिकली नसती.

गंमत म्हणजे याच शहरात तेच हवेविना जगणारे जिवाणू मुद्दाम पाळले जातात. देवगुराडियाला फेब्रुवारी 2022 मध्ये बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला 550 टन ओला कचरा रिचवायची त्याची क्षमता, आणि त्यातून रोज सुमारे 17,000 किलो सीएनजी. तिथे टाक्या बंद असतात, त्यामुळे मिथेन हाती लागतो आणि इंधन होतो. उघड्या उकिरड्यातून तोच मिथेन हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो.

आणि कंपोस्टच्या जगात इंदुरचं नाव त्याच्याही खूप आधीपासून आहे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने 1924 मध्ये होळकर संस्थानाच्या जमिनीवर शेती-संशोधनाची संस्था उभी केली. मालव्यातले शेतकरी शेण, काडीकचरा, राख कशी वापरतात ते पाहत तिथे खत करण्याची जी रीत बसवली गेली, तिला जगभर "इंदूर पद्धत" म्हणतात. 1931 मध्ये तिच्यावर पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्डांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. हॉवर्ड पुढे सेंद्रिय शेतीचे आद्यपुरुष म्हणून गाजले, वाडांचं नाव आपल्या इंदुरातल्या मराठी घरांतही कुणाला ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या पद्धतीत थर लावायचे आणि सोळाव्या दिवशी, महिन्याने, दोन महिन्यांनी ढीग उलटायचा, तिसऱ्या महिन्यात खत तयार. आपल्याकडे म्हणतात, बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो. इथे नव्वद दिवस पुरतात.

इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वर्षं पहिलं आलं, 2023 मध्ये सुरतेच्या बरोबरीने. या मुलांना कळायला लागल्यापासून सकाळी कचऱ्याची गाडी दारात येते आणि गीला-सूखा वेगळं घेऊन जाते. फार चांगली गोष्ट आहे, पण त्यामुळे कचरा किती होतो हे कुणाला दिसतच नाही, असं माझं मत. म्हणून शाळेत मुलांनी बादलीखाली काटा आणला. मधल्या सुट्टीनंतर उरलेलं अन्न तोलायचं आणि वहीत लिहायचं, बस. महिन्याभराने वही चाळली तेव्हा दिसलं की मंगळवारी आणि शुक्रवारी बादली हमखास जड. त्या दिवशी खेळाच्या सरावाला मुलं लवकर पळायची आणि अर्धी पोळी डब्यातच राहायची. मुख्याध्यापकांना वही दाखवून त्यांनी सराव पंधरा मिनिटं पुढे ढकलून घेतला, आणि बादली हलकी झाली. शेव-नमकीनच्या पाकिटांचं मात्र असं काही जमेना. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणं फार अवघड. आता शेव घरच्या डब्यातून येते. सगळ्यांची नाही, निम्म्यांची.

निघताना भाचीने ढिगाच्या कडेचं एक पान उचलून दाखवलं. त्यावर राखेसारखी पांढरी नक्षी. बुरशी वाटते, पण बहुतेक वेळा ते ॲक्टिनोमायसिटिस, तंतूंसारखे वाढणारे जिवाणू. ढीग निवू लागला की तेच जोर धरतात. पहिल्या पावसाचा मातीचा वास येतो तो यांच्यातल्या जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. मी पान नाकाशी नेलं. पौष महिन्यात मृगाचा वास.

भिंतीवर खडूने तारखा लिहिल्या आहेत. या खेपेला ढीग दोन आहेत, एक उलटायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. सोळावा दिवस येत्या शनिवारी आहे. मला सकाळी सात वाजता बोलावलंय, जुनी साडी नेसून ये म्हणालेत.