वळणावर कुरकुरणारा पिकअप

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून माल भरून निघालेला पिकअप सरळ रस्त्यावर गप्प असतो आणि वळण आलं की ‘कर्रर्र’ किंवा ‘टक्’ असा आवाज देतो. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा आधी शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलतात, मग बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), मग आणखी काही. पैसे जातात, आवाज तसाच राहतो. खरं तर फक्त वळणावर येणारा आवाज शोधायला सोपा असतो. वळताना गाडीत मुख्यतः दोन गोष्टी घडतात: पुढची चाकं स्टिअरिंगबरोबर फिरतात आणि वजन बाहेरच्या बाजूला झुकतं. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून पाहता येतात.

आधी गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. आवाज आला तर संशय बॉल जॉइंटवर (चाकाला धरणारा गोलाकार सांधा) किंवा टाय रॉड एन्डवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). पुढे कमानपाट्यांचा (एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांचा) सरळ अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमधला आडवा दांडा, असेल तर किंग पिनवरही, म्हणजे ज्या खिळीभोवती चाक वळतं तिच्यावर. आवाज आला नाही तर स्टिअरिंगला सोडा आणि वजनाकडे वळा.

हे वजन किती सरकतं, याचा अंदाज फार थोड्या लोकांना असतो. समजा, मालासकट गाडी २,८०० किलोची आहे, वळणाची त्रिज्या १५ मीटर आणि वेग ताशी २० किलोमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४५ सेंटिमीटर धरलं, तर सुमारे ३६५ किलोचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. गोण्या उंच रचल्या आणि गुरुत्वमध्य १२० सेंटिमीटरवर गेला, की हाच आकडा ४८५ च्या पुढे जातो. वेगाचा परिणाम तर वर्गाच्या पटीत होतो: २० चा ३० केला की भार सव्वादोन पट सरकतो. रिकाम्या गाडीत न येणारा आवाज भरलेल्या गाडीत का येतो, याचं उत्तर इथेच आहे. म्हणून गॅरेजवाल्याकडे रिकामी गाडी नेऊन ‘आवाज ऐका’ म्हणण्यात अर्थ नाही.

भार सरकला की मागचे कमानपाटे एकमेकांवर घासतात. दोन पृष्ठभाग स्थिर असताना त्यांच्यातलं घर्षण जास्त असतं, सरकू लागले की कमी होतं. त्यामुळे पाटे एकसारखे सरकत नाहीत. अडकतात, ताण साठतो, सुटतात, पुन्हा अडकतात. फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की जी किंकाळी निघते, तिच्यामागेही हेच अडकणं-सुटणं असतं. ठाणे खाडीच्या आसपासची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पाट्यांमधलं ग्रीस धुऊन गंज चढवतात, म्हणून इथल्या गाड्यांत ही कुरकुर लवकर सुरू होते. खात्री करायची असेल तर पाट्यांवर पाणी मारून पाहा. आवाज थोडा वेळ थांबला, तर दोषी तिथेच आहे. मग पाटे खोलून, घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून बसवायचे. रबरी बुशवर मात्र इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस कधीही लावू नका. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच हवं.

स्टॅबिलायझर बारची, म्हणजे गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याची, परीक्षा मला विशेष आवडते. हा बार दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळी वर-खाली झाली तरच पिळतो. स्पीड ब्रेकर सरळ ओलांडला की दोन्ही चाकं एकदम उठतात आणि बार शांत राहतो. तोच तिरका, हळू ओलांडल्यावर खडखड आली, तर बारच्या टोकाचा जोडदांडा (लिंक रॉड) किंवा बारचे बुश तपासा.

वेगाबरोबर वाढणारी ‘घूंऽऽ’ वेगळी. डावीकडे वळताना ती वाढली, तर भार आलेल्या उजव्या चाकाचं बेअरिंग आधी पाहायचं.

कानावर मात्र फार विसंबू नका. पोलादातून आवाज हवेच्या जवळजवळ १५ पट वेगाने धावतो, म्हणून चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मागच्या टोकाचा ठोका केबिनमध्ये पायाखालून आल्यासारखा वाटतो. स्टिअरिंग फिरवून पाहताना सांध्यावर हलका हात ठेवा, चिमटा बसेल अशा फटीत बोट न घालता. अडकणारा सांधा हाताला कळतो.

चाक उचलून, गाडी स्टँडवर टेकवून, वरून-खालून धरून हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला तर कुणाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन. बॉल जॉइंट ढिला असेल तर गायमुख घाटासारख्या उतारावर ती गाडी नेऊच नये. सांधा निखळला की चाक आडवं होतं.

दुरुस्तीत सगळ्यांत जास्त दुर्लक्ष बोल्ट कधी आवळायचा याकडे होतं. अनेक रबरी बुश सरकत नाहीत, पिळले जातात. गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट घट्ट केला, तर चाकं जमिनीवर टेकताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा.

वळण घेताना एकच मोठा ‘टक्’ येत असेल, तर यू बोल्ट पाहा. ते अ‍ॅक्सलला पाट्यांशी घट्ट धरून ठेवतात. ढिले पडले की सगळा भार मधल्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. नवे पाटे बसवल्यावर काहीशे किलोमीटरांनी यू बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे एकमेकांवर बसून पकड सैल होते. ठरलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या मोजलेल्या जोरावरच) आवळायला सांगा, पाईप लावून अंदाजाने नाही.