रोजच्या वस्तूंतून ख्रिस्ती मनन : एका जुन्या सवयीची पार्श्वभूमी

सकाळी मोबाईलवर येणाऱ्या ख्रिस्ती 'दैनिक मनना'चा साचा वाचणाऱ्यांना पाठ झालेला असतो. वर शास्त्रातलं एक वचन, खाली घरातला एखादा प्रसंग (कुकरची शिट्टी, न सापडणारी किल्ली, लोकलमधली गर्दी), मग त्यातून काढलेला धडा आणि दोन ओळींची प्रार्थना. कुणी ते न वाचताच पुढे ढकलतं, कुणी त्यावर अख्खा दिवस निभावून नेतं. हा साचा बराच जुना आहे. त्याची टिंगलही जवळपास तितकीच जुनी आहे आणि ती अगदीच अस्थानी नव्हती.

मूळ अर्थातच बायबलमध्ये. नीतिसूत्रांचा कर्ता आळशाला मुंगीकडे पाठवतो. यिर्मया संदेष्ट्याला देव कुंभाराच्या घरी जायला सांगतो आणि चाकावर बिघडलेलं भांडं पुन्हा मातीचा गोळा होऊन नव्याने घडताना तो पाहतो. येशूने तर ही पद्धत आपलीच करून टाकली. त्याच्या दाखल्यांत, म्हणजे शिकवणीसाठी सांगितलेल्या छोट्या गोष्टींत, राजवाडे फारसे नाहीत. पेरणारा आहे, जाळं टाकणारे कोळी आहेत, मजुरीसाठी नाक्यावर उभे असलेले बेकार आहेत, पीठ मळणारी बाई आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातली ती दुसरी बाई पाहा. दहा नाण्यांतलं एक हरवलं. नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावते. भर दिवसाही दिवा लागावा इतकी अंधारी ती घरं, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. पिठाच्या दाखल्यातही तीन मापे पीठ आहे. ते एका घराच्या रात्रीच्या जेवणाचं नव्हे, गावजेवणाचं पीठ आहे. ऐकणाऱ्या बायकांच्या हे तेव्हाच लक्षात आलं असणार आणि बहुधा हसूही आलं असेल.

आणखी एक गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासात महत्त्वाची ठरली. येशू बहुतेक दाखल्यांचा अर्थ सांगत नाही. पेरणाऱ्याच्या आणि शेतातल्या निदणाच्या दाखल्याचा सांगितला, तोही शिष्यांना बाजूला घेऊन. बाकी बहुतेक ठिकाणी गोष्ट संपते आणि ऐकणारा तिच्यासोबत एकटा उरतो.

नंतरच्या भाष्यकारांना हे एकटेपण सोसलं नाही. वाटेत लुटल्या गेलेल्या जखमीला धर्मशाळेत पोचवणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतली धर्मशाळा म्हणजे मंडळी (चर्च) आणि तिचा चालक म्हणजे प्रेषित पौल, असा अर्थ संत ऑगस्टीनने लावला. बाराव्या शतकात पॅरिसच्या ह्यूगो ऑफ सेंट व्हिक्टरने सगळी दृश्य सृष्टी म्हणजे देवाच्या बोटाने लिहिलेला ग्रंथ, असं मांडलं. कल्पना भव्य आहे, यात वाद नाही. पण प्रत्येक वस्तू अक्षर ठरली की वस्तूकडे पाहायची गरज उरत नाही, वाचून पान उलटलं की झालं.

सोळाव्या शतकात एक वेगळी वाट फुटली आणि ती धड्याची नव्हती. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या साधकांना रोज रात्री दिवसाची उजळणी करायला लावली : आज देव कुठे भेटला, मी कुठे पाठ फिरवली. १५५१ मधल्या एका पत्रात, तासन् तास ध्यानाला बसायला वेळ नसलेल्या विद्यार्थ्यांबद्दल त्याने लिहिलं की त्यांनी बोलताना, चालताना, बघताना, चव घेताना, ऐकताना देवाचं सान्निध्य शोधावं. त्याच काळात स्पेनमध्ये आविलाची तेरेसा आपल्या जोगिणींना सांगत होती की स्वयंपाकघरात काम पडलं तर वाईट वाटून घेऊ नका, देव भांड्याकुंड्यांतही वावरतो.

त्यांच्यानंतरचा ब्रदर लॉरेन्स हा माणूस मला या सगळ्या मंडळींत जवळचा वाटतो. मूळचा सैनिक, पायाने अधू, पॅरिसच्या कार्मेलाइट मठात आधी आचारी आणि नंतर चपला दुरुस्त करणारा. १६९१ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या नावावर एकही ग्रंथ नव्हता. लोकांनी जपलेली काही पत्रं आणि संभाषणं तेवढी पुढे छापली गेली. कढईतलं ऑम्लेट मी देवाच्या प्रेमाखातर उलटतो, असं तो म्हणे. ऑम्लेटमधून त्याने धडा काढला नाही. ऑम्लेट उलटणं हीच त्याची प्रार्थना होती. आजच्या मननांत या दोन वाटांची सरमिसळ होते, म्हणून हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

धडा काढण्याची कला पूर्णत्वाला नेली ती इंग्लंडच्या प्रॉटेस्टंटांनी. एक्सेटरचा बिशप जोसेफ हॉल याचं प्रासंगिक मननांचं पुस्तक १६३० मध्ये निघालं. खोलीत शिरलेला रॉबिन पक्षी, मेणबत्तीवर झेपावणारी माशी, घड्याळ, कोळी, जे डोळ्यांपुढे येईल त्यावर परिच्छेदभर चिंतन. १६६५ मध्ये रॉबर्ट बॉइलने याच धर्तीचा संग्रह काढला. वायूचा दाब आणि आकारमान यांच्या नियमामुळे शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत असलेला बॉइल तो हाच. घोडा अडखळला, अनोळखी जागी कुत्रा मालकाच्या मागे मागे राहिला, कालवं खाल्ली, कशाचंही मनन होई. प्रयोगशाळेत वस्तूकडे रोखून पाहणाऱ्या माणसाला घोड्याकडेही तसंच पाहावंसं वाटावं यात नवल नाही. पण लेखनात पाहणं दोन ओळी आणि उपदेश दोन पानं, असं प्रमाण होऊन बसलं.

मग आला 'गलिव्हर'च्या सफरी लिहिणारा जोनाथन स्विफ्ट. तो लॉर्ड बर्कलीच्या घरी पुरोहित असताना बाईसाहेब त्याच्याकडून बॉइलची मननं वाचून घेत. सांगतात ते असं की, कंटाळलेल्या स्विफ्टने 'झाडूच्या दांड्यावर' एक मनन स्वतःच रचलं, त्या पुस्तकात सरकवलं आणि गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवलं. बाईसाहेबांनी ते बॉइलचंच समजून वाखाणलं. हे विडंबन १७१० मध्ये छापलं गेलं. एके काळी रानात हिरवं असलेलं झाड आता उलटं होऊन केर काढतं, माणूसही तसाच, असा त्याचा सूर. गंमत अशी की विडंबन म्हणूनही ते वाईट मनन नाही. स्विफ्टने दाखवून दिलं ते एवढंच की साचा हाती आला की कुठलीही वस्तू चालते, आणि कुठलीही चालत असेल तर त्या वस्तूला अर्थ काय?

मराठीत हा प्रवाह आला तेव्हा इथली जमीन कोरडी नव्हती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. पैठणला तेव्हा एकनाथ हयात होते आणि विंचवापासून जोगव्यापर्यंत रोजच्या गोष्टी भारुडात नाचवत होते. स्टीफन्सने मराठी आत्मसात केली आणि पुराणाच्या घाटात ओव्या रचल्या. १६१६ मध्ये छापलेल्या त्याच्या 'क्रिस्तपुराणा'त अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत, छापल्या रोमन लिपीत. ग्रंथातच एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्या जागी आमच्या भाषेत काहीतरी द्या. या विनंतीमागे गोव्यातल्या साष्टीत पाडलेली देवळं आणि १५८३ चा कुंकळ्ळीचा उठाव आहे, हे विसरून ओव्यांचं नुसतं कौतुक करता येत नाही. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला आणि हा झरा आटत गेला.

पुढचा टप्पा मुंबई आणि अहमदनगरचा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी हरी केशवजींनी जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या इंग्रजी रूपककथेचं मराठी रूप 'यात्रिक क्रमण' या नावाने केलं होतं. मिशनच्या पुस्तिकांतून हॉल-बॉइल वळणाचा वस्तुपाठ मराठीत उतरला आणि संडे स्कूलमधून मुलांच्या अंगवळणी पडला. बत्ती दाखवायची, काच पुसायची, मग हृदयाच्या शुद्धतेवर बोलायचं. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली. त्यात विधवांच्या हालांची वर्णनं इतकी धारदार आहेत की मधलीमधली प्रवचनं नसती तरी भागलं असतं.

पण नगरच्या मंडळींना पुस्तिकांहून जवळचं होतं ते कीर्तन. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ते ख्रिस्ती उपासनेत आणलं. पूर्वरंग, आख्यान, मधे दृष्टांत, झांजा, तेच सगळं. जत्रेत बसलेल्या माणसाला मोटेच्या पाण्याचा दृष्टांत द्यायला बिशप हॉलची गरज नव्हती. तो कान तुकोबांनी आधीच तयार करून ठेवला होता. नारायण वामन टिळक हे उघडपणे सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन केलं. 'फुलामुलांचे कवी' हे बिरुद त्यांना मिळालं ते धड्यामुळे नव्हे. त्यांचं रानातलं फूल आधी फूल असतं, अर्थ येतो तो त्याच्या मागून.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक याही पुढे गेल्या, आणि मराठीतला या परंपरेचा खरा कळस मी त्यांच्याकडेच मानतो. त्यांच्या माहेरी, नाशिकजवळच्या जलालपूरला, वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आणलेली मीठ-साखरसुद्धा धुतल्याशिवाय घरात यायची नाही. धुतलेल्या मिठाचं काय होतं हे सांगायला नको. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या मोडून पडल्या, नंतर त्याच्याजवळ राहायला आल्या तरी सोवळंओवळं सांभाळत राहिल्या. मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं की देवाने माणूस घडवला, जाती माणसांनी पाडल्या. त्यानंतर त्यांनी शिवाशिवीचा धरबंध सोडला. बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. त्यांच्या आठवणींची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुढे प्रसिद्ध झाली. त्यांत पाणी, चूल, पाहुणे, पैशांची ओढाताण, टिळकांचा तऱ्हेवाईक दानशूरपणा हे सगळं आहे, खो खो हसवत आहे, आणि प्रवचन जवळजवळ नाही. विश्वास त्या घरात कसा आला ते वाचणाऱ्याला भांड्यांच्या आवाजातून कळतं. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्यही पुढे चौसष्ट अध्याय लिहून त्यांनीच पुरं केलं. हे त्या बाईंनी केलं, ज्यांना लग्नानंतर नवऱ्याने अक्षरं गिरवायला लावली होती.

आजचा तारीखवार साचा मात्र या घरातून आलेला नाही, तो अमेरिकेतून आला. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या एका मेथडिस्ट मंडळीत सुचलेल्या कल्पनेतून १९३५ मध्ये 'द अपर रूम' निघालं, १९५६ मध्ये 'अवर डेली ब्रेड' आलं : एक दिवस, एक पान, एक वचन, एक प्रसंग. मंदीच्या काळातल्या कुटुंबांना जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचता येईल एवढीच 'अपर रूम'ची लांबी ठेवली होती. त्या लांबीने खूप लोकांना रोजच्या प्रार्थनेची सवय लावली, हे त्या साच्याला द्यायलाच हवं. नंतर पुस्तिकेचा फोन झाला, लांबी आणखी घटली, आणि धडा आधी ठरवून प्रसंग नंतर शोधण्याची घाईही वाढली. वसईकडे 'सुवार्ता' मासिकाने वेगळं काही करून पाहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनाच्या काळात वाड्या, विहिरी, पाणी आणि जमीन हेच विषय श्रद्धेच्या अंगाने लिहिले गेले, कारण वसईत तेव्हा पाण्याचा आणि बांधकामांचा लढा खरोखर चालू होता. विहिरीवर मनन लिहिणाऱ्याला त्या विहिरीत पाणी किती उरलंय हे माहीत होतं.